सोडलेली मुलं

मार्चमधला मंगळवार होता. फुटबॉलचा सराव संपल्यावर पालकांनी थांबावं, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. मैदानाच्या कडेला एक छोटी खोली आहे, एरवी तिथे जाळीच्या पिशव्यांत चेंडू भरून ठेवलेले असतात. त्या खोलीत आम्हा तिघांना तीन खुर्च्या दिल्या. समोर दोघं बसले होते. एक जण कागदावरचं वाचत होता, दुसरा सगळा वेळ माझ्या मुलाच्या बुटांकडे बघत होता. तंत्र चांगलं आहे, खेळाची समज चांगली आहे, स्वभाव तर फारच चांगला, पण अंगानं कमी पडतो. पुढच्या हंगामासाठी त्याला ठेवता येणार नाही. पाच वर्षं आठवड्याच्या तीन संध्याकाळी आणि प्रत्येक रविवार आम्ही त्या मैदानावर काढला होता. हे सांगून व्हायला सात मिनिटं लागली.

क्लबचं नाव मी लिहिणार नाही. त्या दोघांनी आम्हाला वाईट वागवलं नाही. बुटांकडे बघणाऱ्या माणसाला तर बहुधा आमच्याइतकंच वाईट वाटत होतं.

पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लोला घर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. एकामागून एक विमानं हीथ्रोकडे उतरत होती. घरी आल्यावर मुलानं बूट दाराबाहेर काढले. रोज तो ते बागेतल्या नळाखाली धुऊन आत आणतो. त्या रात्री ते चिखलासकट बाहेरच राहिले. मी दोनदा उठून ते बघून आले, पण आत आणले नाहीत. ते मी धुणं बरोबर नव्हतं.

इथे याला ‘रिलीज’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला फोन करून बाबांना सांगताना माझ्या तोंडून ‘त्याला सोडलं’ असं आलं, आणि बोलताक्षणी तो शब्द मला टोचला. उसाला पाणी सोडतात, जनावरं चरायला सोडतात. आपल्या शाळेतून बाहेर पडताना दाखलासुद्धा शाळा ‘सोडल्याचा’ असतो, पण तिथे शाळा आपण सोडलेली असते. तेरा वर्षांच्या मुलाला कुणी सोडतं, म्हणजे इतके दिवस त्याला कुणीतरी धरलं होतं आणि आता तो हात काढून घेतला, एवढंच त्याला कळतं.

बाबा बारा वर्षं मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघातून लेफ्ट आउट खेळले. शाहू स्टेडियमवरचे सामने, दोन पेठांमधली ईर्ष्या, सामना हरल्यावर आठवडाभर गल्लीत मान खाली घालून चालणं, या सगळ्यात माझं बालपण गेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“कुणाशी भांडलं काय पोरगं?”

“नाही.”

“पाय ठीक हाय?”

“हो बाबा.”

“मग रडतीस कशाला? दुसऱ्या पेठेत घाल की त्याला.”

त्यांना ते इतकं सोपं वाटत होतं की मला जास्तच रडू आलं. पण त्यांचं चूक नव्हतं. कोल्हापुरात एका तालमीत बाकावर बसणारं पोरगं पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीची जर्सी घालून उतरतं, आणि नेमका जुन्या पेठेविरुद्धचा सामना आयुष्यात खेळलं नसेल असा खेळतं. हे तिथे सगळ्यांनी बघितलेलं असतं. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता, की लंडनमध्ये ती दुसरी पेठ कुठे असते? तिथे नेमकं काय करतात? गेलं दीड वर्ष मी याच प्रश्नाच्या मागे आहे. अशा मुलांविषयी मिळेल ते वाचलं, सामने बघितले, मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या पालकांशी बोलले.

पहिली गोष्ट हाती लागली ती आमच्याच घरातली. माझा मुलगा २७ ऑगस्टचा. इंग्लंडमध्ये शाळेचं आणि अकादमीचं, म्हणजे क्लबातल्या मुलांच्या प्रशिक्षणाचं, वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. पाच दिवस उशिरा जन्मला असता, तर तो खालच्या गटातला सगळ्यांत मोठा मुलगा झाला असता. त्याऐवजी तो वरच्या गटातला सगळ्यांत लहान. त्याच्या संघात त्याच्याहून साडेअकरा महिन्यांनी मोठी मुलं होती. तेराव्या वर्षी साडेअकरा महिने म्हणजे केवढं अंतर, ते ज्यानं कपडे बदलायच्या खोलीत डोकावलंय त्यालाच कळेल. कुणाला मिसरूड फुटलेलं असतं, कुणाचा आवाज अजून किनरा असतो.

माझ्या बाबांची जन्मतारीख १ जून. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, त्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची लिहिली तशीच. त्या अंदाजानं लिहिलेल्या तारखेनं बाबांचं काही बिघडलं नाही. नातवाची तारीख मात्र हॉस्पिटलनं मिनिटासकट नोंदवलेली, आणि तीच त्याला जड गेली.

हे काही माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलं इंग्लंडच्या अकादमींमध्ये खूप जास्त असतात आणि जून ते ऑगस्टच्या उन्हाळ्यात जन्मलेली खूप कमी, हे अनेक वर्षांपासून मोजलं गेलंय. आठ वर्षांचं मूल बघायला आलेल्या स्काउटला थोराड मूल जास्त चांगलं दिसतं. ते निवडलं जातं, त्याला जास्त चांगले कोच मिळतात, जास्त सराव मिळतो, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच जास्त चांगलं झालेलं असतं. मग निवड बरोबरच होती असं सगळ्यांना वाटतं.

इंग्लंडकडून खेळलेला हॅरी केन २८ जुलैचा. तसाच एबेरेची एझे २९ जूनचा. दोघांनाही लंडनच्या आर्सेनल या बड्या क्लबानं सोडलं होतं, केनला आठ-नऊ वर्षांचा असताना, एझेला तेराव्या वर्षी. उन्हाळ्यात जन्मलेलं प्रत्येक सोडलेलं पोर केन होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं मी माझ्या मुलालाही कधी सांगितलं नाही. आईबापांनी मुलाच्या खांद्यावर टाकू नये अशी ती आशा आहे. पण केनच्या गोष्टीतला जो भाग लोक भराभर ओलांडून जातात, तिथे मी थांबले. आर्सेनलनं सोडल्यावर तो रिजवे रोव्हर्स या आपल्या भागातल्या साध्या क्लबात परत खेळायला लागला. वॉटफर्डकडे चाचणी दिली. अकराव्या वर्षी टॉटनहॅमनं घेतलं, म्हणजे आर्सेनलच्या हाडवैऱ्यांनी. पेठ बदलली. पण तिथे गेल्यावर तरी तो कुठे चमकला? तेराव्या-चौदाव्या वर्षी तो ना उंच होता ना वेगवान. मधल्या फळीत खेळायचा. टॉटनहॅमनं त्याला घेतलं याचं कौतुक होतं, माझ्या लेखी मोठी गोष्ट ही की त्यांनी त्याला पुढची तीन-चार वर्षं सोडलं नाही. अंग भरेपर्यंत थांबले. मधल्या फळीत खेळताना शरीराच्या जोरावर काही मिळत नव्हतं, म्हणून तो चेंडू कुठे जाणार ते आधी ओळखायला शिकला असेल, असं मला त्याचे पास बघताना नेहमी वाटतं. मग एकामागून एक चार क्लबांकडे उसना पाठवला: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर. टॉटनहॅमसाठी त्यानं २८० गोल केले. मार्च २०२३ मध्ये नेपल्समध्ये इटलीविरुद्ध इंग्लंडसाठी ५४ वा गोल करून वेन रूनीचा विक्रम मोडला.

इंग्लंडमधल्या काही अकादमी आता वयाबरोबर शरीराची वाढही बघतात. आईबापांची उंची आणि मुलाची आजची उंची नि वजन घेऊन, मोठेपणी तो किती उंच होईल याचा अंदाज बांधतात. त्यातले किती टक्के तो आज झालाय हे काढतात, आणि मग सारख्या टक्केवारीची मुलं एकमेकांशी खेळवतात. म्हणजे बारा वर्षांचा थोराड आणि चौदा वर्षांचा किरकोळ एकाच संघात. प्रीमियर लीगनं गेल्या दहा वर्षांत अशा स्पर्धा भरवल्यात, बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर काम केलंय. एरवी गप्प असणारी किरकोळ मुलं अशा सामन्यात चेंडू मागायला लागतात. आणि थोराड मुलांनाही पहिल्यांदाच समोरच्याला नुसतं ढकलून पुढे जाता येत नाही, डोकं वापरावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला त्या खोलीतला कागद आठवला. ‘अंगानं कमी पडतो’ या वाक्यात ‘आज’ हा शब्द नव्हता.

आमच्या घरापासून सगळ्यांत जवळचा मोठा क्लब ब्रेंटफर्ड. क्यू पुलाजवळचं त्यांचं नवं मैदान रेल्वेतून दिसतं. सोडलेल्या मुलांचा विचार करताना मला याच क्लबानं सगळ्यांत जास्त झोपू दिलं नाही.

२०१२ मध्ये इंग्लंडमध्ये युवा खेळाडूंसाठी नवी व्यवस्था आली. अकादमींच्या चार श्रेणी ठरल्या, आणि एका क्लबानं दुसऱ्याचं लहान मूल नेलं तर मोबदला किती द्यायचा याचा तक्ता ठरला. तक्त्यातले आकडे मोठ्या क्लबांसाठी किरकोळ. ब्रेंटफर्ड तेव्हा लहान क्लब. वर्षाला दहा-पंधरा लाख पौंडांच्या वर खर्च करून अकादमी चालवायची, आणि मूल सोळा वर्षांचं होऊन दिसायला लागलं की मँचेस्टरच्या क्लबांनी येऊन थोडक्यात घेऊन जायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर २०१६ मध्ये मालक मॅथ्यू बेनम यांच्या क्लबानं अकादमीच बंद केली. तिच्या जागी एक ‘बी’ संघ काढला. त्यात सतरा ते एकवीसच्या आसपासची मुलं घ्यायची. त्यातली बरीचशी मोठ्या क्लबांच्या अकादमींनी नको म्हटलेली, बाकीची परदेशातल्या कमी बघितल्या जाणाऱ्या मैदानांवरून आणलेली.

या मुलांच्या बाबतीत त्यांनी केलेली कामं ऐकायला अगदी साधी आहेत. पहिलं काम, ‘बी’ संघ पहिल्या संघाच्या शेजारीच सराव करणार, ऑस्टर्लीतल्या जर्सी रोडवर. मोठ्या क्लबात अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या संघाचा कोच महिनोन्‌महिने दिसत नाही. इथे तो रोज कुंपणापलीकडून बघू शकतो, आणि पहिल्या संघात कुणी जखमी झालं की याला हाक येते. दुसरं, वयोगटांच्या लीगमध्ये अडकून न पडता सामने स्वतः ठरवायचे. एका आठवड्यात युरोपातल्या बड्या क्लबाचा राखीव संघ, पुढच्या आठवड्यात बिगरलीगमधले, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या क्लबांतले, तीस-बत्तीस वर्षांचे कसलेले गडी, जे अठरा वर्षांच्या पोराला कोपर मारून शिकवतात. तिसरं, मुलं मोजकीच ठेवायची. गर्दी नसल्यामुळे प्रत्येकाच्या नावानं कुणीतरी विचार करतं.

हा ‘बी’ संघ उभा करण्यात रॉबर्ट रोवन या तरुण माणसाचा मोठा वाटा होता. तो कधी व्यावसायिक खेळाडू नव्हता. स्कॉटलंडमधला हा मुलगा स्वतःच सामन्यांचे अहवाल लिहून क्लबांना पाठवायचा, कुणीतरी वाचेल म्हणून. कुणीतरी वाचलं, आणि तो या क्षेत्रात आला. २०१८ मध्ये तो ब्रेंटफर्डचा तांत्रिक संचालक होता आणि त्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, झोपेत हृदय बंद पडून गेला. जर्सी रोडवरच्या सराव केंद्राला आज त्याचं नाव आहे. बाहेरून दार ठोठावत राहणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याला ही मुलं दिसली असतील, असं मला वाटतं.

२०२१ च्या मे महिन्यात वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या उपान्त्य फेरीचा दुसरा सामना होता, ब्रेंटफर्ड विरुद्ध बोर्नमथ. ८१ व्या मिनिटाला मार्कस फोर्सनं गोल केला आणि ब्रेंटफर्ड अंतिम सामन्यासाठी वेम्बलीला गेलं. वेम्बलीत स्वान्सीला २-० हरवून ७४ वर्षांनी सगळ्यांत वरच्या लीगमध्ये पोहोचलं. हा फिनलंडचा फोर्स २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या अकादमीतून बाहेर पडून ब्रेंटफर्डच्या ‘बी’ संघात आला होता. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत होते. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, दुसऱ्या क्लबाच्या अकादमीतला, आणि तरी गॅलरीत उभा राहून ओरडत होता.

पण याची दुसरी बाजू मला पुसता येत नाही. २०१६ मध्ये अकादमी बंद झाली तेव्हा ब्रेंटफर्डनंही मुलं सोडलीच. नऊ वर्षांची, अकरा वर्षांची, माझ्या मुलाएवढी. त्यांनाही कुणीतरी खुर्च्या मांडून खोलीत बसवलं असेल. दुसऱ्यांनी नाकारलेली मुलं घडवणारा म्हणून ज्या क्लबाचं नाव झालं, त्याची सुरुवात स्वतःची मुलं सोडण्यापासून झाली. ‘बी’ संघ दयेपोटी निघालेला नव्हता. कमी पैशांत खेळाडू घडवायचा आणि चांगला झाला की जास्त पैशांत विकायचा, हा त्याचा सरळ हिशेब होता. क्रिस मेफम हा बचावपटू या संघातून वर आला आणि २०१९ मध्ये बोर्नमथला सुमारे १ कोटी २० लाख पौंडांना गेला. यात मला चोरी दिसत नाही. पण याला पुण्यकर्म म्हणायला मी तयार नाही. २०२२ मध्ये ब्रेंटफर्डनं अकादमी पुन्हा सुरू केली. ते वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच त्या मधल्या सहा वर्षांतल्या मुलांची आठवण झाली, ज्यांचं नाव मला कधीच कळणार नाही.

फुटबॉलपटू जेमी वार्डीची कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. शेफील्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी सोडलं, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडे आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, दिवसा कारखान्यात हातापायांचे आधारपट्टे बनवले, २०१२ मध्ये लेस्टरनं १० लाख पौंडांना घेतला, २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. मला यातलं लेस्टरचं पहिलं वर्ष महत्त्वाचं वाटतं. ते वाईट गेलं. लोक बोलायला लागले, वार्डीला खेळ सोडून जावंसं वाटू लागलं. प्रशिक्षक नायजेल पिअरसन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला बसवून सांगितलं, की तू इथलाच आहेस, थांब. एकदा सोडलेल्या मुलाच्या मनात ‘हेही सोडतील’ ही भीती कायम असते. माझ्या घरात मी ती रोज बघते. नव्या कोचनं सरावात शिट्टी वाजवून थांबवलं, तरी माझा मुलगा आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याच हंगामाच्या शेवटी, २०१३ च्या वसंतातल्या प्ले-ऑफ सामन्यात लेस्टरच्या बाकावर वार्डी आणि उसना आलेला केन शेजारी शेजारी बसल्याचा एक फोटो आहे. दोघंही नाकारलेले, आणि त्या दिवशीही पहिल्या अकरांत नसलेले. मुलानं तो फोटो छापून टेबलासमोर लावलाय. मी त्याला तो दाखवला नव्हता, त्यानंच शोधला.

एझेला मात्र चार वेळा सोडलं गेलं. आर्सेनल, मग फुलहॅम, मग रेडिंग, मग २०१६ मध्ये मिलवॉल. आर्सेनलनं सोडल्यावर खोलीत बसून कितीतरी दिवस रडल्याचं त्यानं स्वतः सांगितलंय. अठराव्या वर्षी, सुपरमार्केटमधल्या नोकरीचा विचार चालू असताना, क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला घेतलं. तिथे क्लबातल्या फुटबॉलचं काम बघणारी लेस फर्डिनंड आणि क्रिस रॅमसी ही माणसं होती. दक्षिण लंडनमधल्या जाळीबंद काँक्रीटच्या मैदानांवर शिकलेला एझेचा खेळ, ती शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू पायाशी ठेवण्याची सवय, इतरांना धोक्याची वाटत होती. या क्लबानं ती मोडली नाही. त्याला वायकम्बला उसना पाठवला, परत आणला, दहा नंबरची, म्हणजे पुढच्या फळीच्या जरा मागची, जागा दिली. ती सवय आहे तशी ठेवून त्याच्याभोवती संघ मांडला. मुलाला आपल्या साच्यात बसवायचं की त्याच्याकडे आहे त्याला जागा करून द्यायची, हे ठरवायला कोचकडे धीर लागतो. तो धीर मोठ्या क्लबांकडे नसतो, कारण त्यांच्या दारात दुसरी शंभर मुलं उभी असतात.

१७ मे २०२५ ला आम्ही दोघं सोफ्यावर बसून एफए कपचा अंतिम सामना बघत होतो. एझेचा तेव्हाचा क्लब क्रिस्टल पॅलेस विरुद्ध मँचेस्टर सिटी. सोळाव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला आणि एझेनं तो हवेतच जाळ्यात मारला. १-०. पॅलेसचा पहिला मोठा चषक. माझा मुलगा ओरडला नाही. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आई, चार वेळा.” त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एझे आर्सेनलला परतला, आणि नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध त्यानं तीन गोल केले.

त्याच क्रिस्टल पॅलेसनं २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट सुरू केली, जिचं नाव चषकाइतकं होत नाही. त्यांच्या अकादमीतून वयाच्या अठराव्या वर्षानंतर सोडलेल्या मुलांची तीन वर्षं विचारपूस करायची. दुसरा क्लब, शिक्षण, नोकरी, मनाचं दुखणं, जे असेल त्यात सोबत द्यायची. अकादमीतल्या बहुतेक मुलांना आज ना उद्या सोडलं जाणारच आहे, बहुतेकांच्या वाट्याला वेम्बली नाही. त्या मुलांना कुणीतरी पुढच्या महिन्यातही फोन करणं, हे मला कुठल्याही गोलाहून कमी वाटत नाही. तेराव्या वर्षी सोडलेल्यांना तो फोन येत नाही. आम्हाला आला नाही.

आम्हाला दुसरी पेठ मिळाली ती फार जवळ. बसनं वीस मिनिटांवर एक साधा क्लब आहे, पालकांच्या वर्गणीवर चालणारा. मैदानाला उतार आहे, आणि पावसात एक कोपरा तळ्यासारखा भरतो. कोच दिवसा गॅस बॉयलर दुरुस्त करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला वजन विचारलं नाही, आधी कुठे होतास तेही विचारलं नाही. तुला कुठे खेळायला आवडतं, एवढंच विचारलं. माझ्या मुलाला उत्तर देता येईना. पाच वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. सांगतील तिथे तो उभा राहायचा.

महिनाभर त्यानं सगळीकडे खेळून बघितलं. बूट पुन्हा नळाखाली धुतले जाऊ लागले, ते मी खिडकीतून बघितलं आणि काही बोलले नाही. दीड वर्षात तो सोळा सेंटिमीटर वाढलाय, गुडघे दुखतात म्हणून रात्री उठतो. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही आणि आता मी विचारतही नाही.

गेल्या रविवारी सामना संपल्यावर त्यानं मैदानातूनच आजोबांना व्हिडिओ फोन लावला. मागे वारा इतका होता की निम्मं ऐकू येत नव्हतं.

“आजोबा, मी आता डावीकडून खेळतो.”

“काय?”

“डावीकडून! लेफ्ट आउट!”

तिकडे कोल्हापुरात रात्र झाली होती. बाबांनी फोन कानाला लावला, तोंडासमोर धरायचा हे ते विसरले, आणि पडद्यावर आम्हाला नुसता त्यांचा पांढरा कल्ला दिसत राहिला.

“मग रेषेला चिकटून राहा,” ते ओरडून सांगत होते. “आत घुसायची घाई करू नको. त्याला तुझ्याकडं येऊ दे.”

मुलगा मान हलवत होता, आणि बोलता बोलता त्या उतरत्या मैदानाच्या डाव्या रेषेवर जाऊन उभा राहिला होता.